'डूलॅली' म्हणजे नेमकं काय, आणि तो शब्द खरंच आपल्या देवळालीचा आहे का?

प्रश्न असा आहे: एका ब्रिटिश कादंबरीचं मराठी भाषांतर चालू आहे. त्यात नात शेजारणीला सांगते की आजोबा हल्ली 'डूलॅली' झालेत. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात हा शब्द सापडला नाही, इंग्रजी कोशात 'वेडा' एवढाच अर्थ मिळाला. कुणीतरी सांगितलं की हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून पडला, कारण इंग्रजांच्या काळी तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं. हे खरं आहे का, आणि मराठीत काय लिहायचं?

आधी थोडक्यात सांगतो. शब्द देवळालीचाच आहे, याबद्दल शंका नको. इस्पितळाची गोष्ट मात्र या शब्दाचं कारण म्हणून टिकत नाही. आणि तुमच्या वाक्यात 'वेडे' हा शब्द वापरू नका. आता सविस्तर. इंग्रजीतून मराठीत भाषांतरं आणि सबटायटल्स करणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि हा शब्द समोर आला की बहुतेक जण नेमके या तीन जागी अडखळतात.

आज ऐकू येतो तो अर्धाच शब्द आहे. मूळ प्रयोग होता 'डूलॅली टॅप'. हिंदुस्थानात नोकरी केलेले गोरे शिपाई तो वापरायचे. यातलं 'डूलॅली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे ताप. देवळालीचा ताप! एखादा शिपाई विचित्र वागू लागला की बाकीचे म्हणत, याला देवळालीचा ताप चढलाय. म्हणजे सुरुवातीला हे माणसाचं विशेषण नव्हतंच, ते एका काल्पनिक आजाराचं नाव होतं. मलेरिया होतो, विषमज्वर होतो, तसा हा देवळाली-ताप होतो. पुढे शेपूट गळलं, आजाराचं नाव माणसाला चिकटलं आणि 'त्याला डूलॅली टॅप झालाय' याचं 'तो डूलॅली झालाय' असं झालं. कोशात फक्त 'वेडा' असा अर्थ वाचणाऱ्याला ही मधली पायरी दिसत नाही, आणि त्या पायरीवरच या शब्दाची सगळी गंमत आणि सगळं दुःख आहे.

'टॅप'बद्दल थोडं थांबतो, कारण आपल्याकडे हा शब्द सरळ 'मराठी ताप' म्हणून सांगितला जातो. मूळ एकच, 'तप्' म्हणजे तापणं. पण गोरा शिपाई मराठी बोलत नव्हता. पलटण आज लखनौला, उद्या रावळपिंडीला, परवा महूला. नोकर, भिस्ती, धोबी यांच्याशी तो जी मोडकीतोडकी भाषा बोलायचा ती हिंदुस्थानी होती, आणि हिंदुस्थानीत तापाला 'तप' म्हणतात. रोमन लिपीत 'तप' आणि 'ताप' सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या लेखनावरून निवाडा करता येत नाही. पण शब्द ज्यांच्या तोंडी होता ते लोक पाहिले तर हिंदुस्थानी 'तप' जास्त जवळचं वाटतं. दुसरी गोष्ट, इंग्रजीत 'टॅप' म्हणजे हलकीशी टप्पल, आणि डोक्याने जरा सरकलेल्या माणसाला इंग्रजीत 'टच्ड' म्हणजे 'स्पर्श झालेला' म्हणण्याची जुनी रीत आहे. ज्याला हिंदुस्थानी येत नाही त्याच्या कानालाही 'डूलॅली टॅप' ऐकून डोक्याला काहीतरी लागल्याचा भास होत असणार. परका शब्द रुजायला अशी घरची सावली फार उपयोगी पडते.

आणि तापच का? तापात माणूस बरळतो, म्हणून. 'ताप डोक्यात गेला' असं आपणही म्हणतोच. त्या काळच्या छावण्यांत हिवताप ही रोजची बाब होती. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला तो 1897 साली, त्याआधी हा ताप नेमका कसा पसरतो हे सिद्ध झालेलं नव्हतं. ग्लानीत असंबद्ध बडबडणारा सोबती प्रत्येक बराकीने पाहिलेला होता. अंगात ताप नसताना कुणी तसाच वागू लागला, तर त्या वागण्याला तापाचंच नाव देणं शिपायांना अगदी सहज सुचलं असेल.

आता 'देवळाली'चं 'डूलॅली' कसं झालं? इंग्रजी जिभेला 'ळ' नाही, तो 'ल' होतो. 'देव'मधला 'व' रोमन लेखनात 'ओ' झाला. सरकारी कागदावर ते 'डिओलाली' असं उतरलं. बराकीत ते घाईघाईने बोललं गेलं, 'डिओ'चा 'डू' झाला आणि सगळा जोर मधल्या 'लॅ'वर गेला. ज्यांनी खडकीचं किर्की, ठाण्याचं टॅना आणि पुण्याचं पूना केलं, त्यांच्या तोंडी देवळालीचं डूलॅली होणं मुळीच चमत्कारिक नाही. हे ध्वनीच पुढे शब्दाला जगवून गेले असं माझं मत आहे. 'डू-लॅ-ली' ऐकायला बाळबोध आणि बावळट वाटतं. अर्थ ठाऊक नसलेल्यालाही त्यातून काहीतरी खुळेपणा ऐकू येतो. म्हणून 'टॅप' गळला, देवळाली विस्मरणात गेली, तरी शब्द राहिला.

पण देवळालीच का? लष्करी छावण्या तर देशभर होत्या. याचं उत्तर रेल्वे, समुद्र आणि पंचांग या तिघांत आहे.

इंग्लंडहून येणारी सैन्यवाहू जहाजं मुंबईला लागत. मुंबईच्या दमट हवेत हजारो शिपाई ठेवणं शक्य नव्हतं. थळ घाटातला लोहमार्ग 1865 साली खुला झाला आणि घाटमाथ्यावरची देवळाली मुंबईहून रेल्वेने सुमारे 180 किलोमीटरवर, म्हणजे एका रात्रीच्या टप्प्यात आली. कोरडी हवा, सपाट मोकळी जागा, पाणी. तिथे संक्रमण छावणी उभी राहिली. नवे आलेले शिपाई तिथे उतरायचे, हवेला सरावायचे आणि आपापल्या पलटणींकडे रवाना व्हायचे. परत जाणारेही त्याच वाटेने यायचे आणि जहाज मिळेपर्यंत तिथे थांबायचे. लक्षात घ्या, हे कुणाचंच मुक्कामाचं ठाणं नव्हतं. प्रत्येक जण वाटेवरचा होता.

आता समुद्र आणि पंचांग. सुएझ कालवा 1869 साली सुरू झाला. हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी खास बांधलेली सेरापिस, क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना आणि मलबार ही पाच मोठी जहाजं त्याच सुमारास समुद्रात उतरली होती. पण ही वाहतूक बारमाही नव्हती. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातली भट्टी आणि नंतर अरबी समुद्रातला पावसाळा, यांतून दाटीवाटीने भरलेलं जहाज नेणं म्हणजे माणसं मारणं. म्हणून शिपायांची ने-आण ढोबळमानाने शरद ऋतूपासून मार्चपर्यंतच चालायची. मार्चमधलं शेवटचं जहाज सुटलं की पुढचं पावसाळा संपल्यावर.

याच सुमारास लष्करातल्या नोकरीचे नियमही बदलले. युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांच्या 1870 च्या कायद्याने अल्प मुदतीची भरती आली: काही वर्षं प्रत्यक्ष पलटणीत, उरलेली राखीव दलात. आधी माणूस लष्करातच म्हातारा व्हायचा. आता दरवर्षी मुदत संपलेल्यांची मोठी तुकडी घरी परतू लागली, आणि तितकेच नवे येऊ लागले. देवळालीची वर्दळ वाढली ती यामुळे.

आता एप्रिलमध्ये मुदत संपलेल्या शिपायाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. नोकरी संपली आहे, पण घरी जाता येत नाही. पलटण मागे राहिली, सोबती मागे राहिले. पुढे उन्हाळा आणि अख्खा पावसाळा.

ही अवस्था आतून पाहिलेल्या एका माणसाने लिहून ठेवली आहे, हे आपलं भाग्य. त्याचं नाव फ्रँक रिचर्ड्स. रॉयल वेल्श फ्युजिलियर्समधला साधा शिपाई. 1902 पासून 1909 पर्यंत तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. त्या दिवसांच्या आठवणींचं त्याचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक 1936 साली आलं. त्यात देवळालीबद्दल मोजकाच मजकूर आहे, पण तो सोन्यासारखा आहे. मुदत संपलेल्या माणसांकडे तिथे हत्यार नसे, साजसामान नसे. अधूनमधून अंगावरचे कपडे आणि किट दाखवायचं, क्वचित एखादी लांब चाल करायची, बाकी दिवस रिकामा. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक शेरा नव्हता अशी माणसं तिथे बिघडत. कुणी गंभीर गुन्ह्यात सापडून घरी जाण्याऐवजी तुरुंगात जाई, कुणी गुप्तरोग लावून घेऊन इस्पितळात. चमत्कारिक वागणाऱ्या माणसाबद्दल शिपाई 'डूलॅली टॅप' म्हणतात ते या छावणीतल्या कंटाळ्यामुळे माणसं जशी वागायची त्यावरूनच आलं असावं, असं रिचर्ड्स म्हणतो. 'असावं' हा सावधपणाही त्याचाच आहे, आणि म्हणूनच मला त्याच्यावर जास्त विश्वास वाटतो.

'हत्यार नसे' हा तपशील वाचून पुढे जाऊ नका. शिपायाचा दिवस बंदुकीभोवती फिरतो: ती पुसायची, तेल द्यायचं, तपासणीला न्यायची, पहाऱ्याला धरायची. ती काढून घेतली की त्याच्या वेळापत्रकाचा कणाच जातो. छावणीत राहायचं, पण शिपाई नाही. मुदत संपली, पण सुटका नाही. मी जेव्हा जेव्हा हा शब्द भाषांतरात हाताळतो, तेव्हा माझ्या मनात वेडेपणाच्या आधी हा रिकामपणा येतो. या शब्दाच्या मुळाशी एखादा आजार नाही, नुसतं थांबून राहणं आहे.

आता इस्पितळाच्या गोष्टीकडे. देवळालीला लष्करी इस्पितळ होतं, आजही आहे. हिंदुस्थानातून परत पाठवलेल्या मनोरुग्ण शिपायांना साउदम्प्टनजवळच्या नेटलीच्या प्रचंड लष्करी रुग्णालयात नेलं जाई. तिथला मनोरुग्णांसाठीचा 'डी ब्लॉक' 1870 साली सुरू झाला. मायदेशी जाणाऱ्यांच्या गर्दीत असे रुग्णही असत. तेव्हा देवळालीच्या आसपास मानसिक आजार दिसतच नव्हता असं कुणी म्हणू नये. पण तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द पडला, याला रिचर्ड्सच्या त्या मजकुरात आधार नाही. तो कारण देतो ते कंटाळ्याचं.

मग ही गोष्ट इतकी लोकप्रिय का? कारण ती आपल्या ओळखीच्या साच्यात चपखल बसते. आपणच 'याला येरवड्याला पाठवा' म्हणतो, मुंबईकडचे 'ठाण्याला भरती करा' म्हणतात, हिंदीवाले आग्रा नाहीतर रांची म्हणतात. या सगळ्या ठिकाणी खरोखर मनोरुग्णालयं आहेत. खुद्द इंग्रजीतला 'बेडलॅम' हा शब्द लंडनच्या बेथलेहेम नावाच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळावरून आला. गावाचं नाव आणि वेड असं एकत्र दिसलं की आपण मध्ये इस्पितळ कल्पून मोकळे होतो. देवळालीत तर 'सॅनेटोरियम' हा शब्दही सर्रास चालतो. पण ती हवापालटासाठी आलेल्या मुंबईच्या पारशी-गुजराती कुटुंबांची आणि छातीच्या आजारातून उठलेल्यांची विश्रांतिस्थानं. बाहेरच्याने तो शब्द ऐकून भलताच अर्थ काढला तर नवल नाही. देवळालीकर मित्र या इस्पितळाच्या कथेने दुखावतात, ते मला पटतं. ज्या गावाची ओळखच चांगली हवा ही आहे, त्याच्या माथी हा शिक्का पुराव्याशिवाय मारू नये.

(आणखी एक गोंधळ मिटवून टाकतो. हे देवळाली म्हणजे भगूरशेजारचं देवळाली कॅम्प. नाशिकरोडला लागून असलेलं देवळाली गाव वेगळं, आणि राहुरीकडचं देवळाली प्रवरा तर वेगळ्याच जिल्ह्यात.)

कुणीही विचारेल, रिचर्ड्सने सांगितलं म्हणून ते खरं कशावरून? शब्दांच्या जन्मकथा तर गावोगाव फिरत असतात. रास्त शंका आहे. त्यासाठी याच जहाजांशी जोडलेला दुसरा शब्द शेजारी ठेवून पाहू: 'पॉश'. त्याची कथा तुम्ही ऐकलीच असेल. श्रीमंत प्रवासी हिंदुस्थानला जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली घेत, कारण ती बाजू सावलीत असे. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापली जात, त्यावरून 'पॉश'. कथा गोड आहे, पण खोटी ठरली आहे. अशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही, जहाज कंपनीच्या दप्तरात तशी नोंद नाही, आणि शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाल्यावर बऱ्याच वर्षांनी ही कथा अवतरली. त्याआधी 'पॉश' हा पैशासाठी आणि छानछोकी माणसासाठी बोलीत होताच.

'डूलॅली'ला हीच कसोटी लावा. ठिकाण खरं, छावणी खरी. पहिल्या महायुद्धाआधी तिथल्या नोकरीत असलेला साक्षीदार हा प्रयोग शिपायांच्या सवयीचा म्हणून सांगतो. एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांच्या 1925 सालच्या सैनिकी-खलाशी बोलीच्या कोशात तो नोंदलेला आहे. उच्चाराचा प्रवास इतर गावांच्या नावांशी जुळतो. आणि दुसरा अर्धा भाग, म्हणजे 'टॅप', हा हिंदुस्थानातल्याच भाषेतला निघतो. आद्याक्षरांची कसरत करावी लागत नाही. इतके धागे एका जागी आले की शब्दाच्या उगमाबद्दल निश्चिंत राहता येतं. माझा अनुभव असा की जी व्युत्पत्ती आद्याक्षरांवर उभी असते तिच्याकडे पहिल्यापासून संशयाने पाहावं, विशेषतः शब्द 1900 च्या आधीचा म्हणून सांगितला जात असेल तर.

या शब्दाची भावंडंही पाहण्यासारखी आहेत, कारण एकटा शब्द समजत नाही, त्याचं घर पाहावं लागतं. शिपायांनी हिंदुस्थानातून पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत नेलेले शब्द असे: 'डेको' म्हणजे नजर टाकणं, आपलं हिंदीतलं 'देखो'. 'चोकी' म्हणजे तुरुंग, आपली चौकी. 'रूटी' म्हणजे पाव, अर्थात रोटी, आणि दीर्घ सेवेच्या पदकाला थट्टेने म्हणायचे 'रूटी मेडल', इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली म्हणून. 'बकशी' म्हणजे फुकट मिळालेलं, बक्षिसाच्या कुळातलं. 'कुशी' म्हणजे आरामाची नोकरी, 'खूश'वरून.

आणि 'ब्लायटी'. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो डूलॅलीचं दुसरं टोक आहे. 'विलायती' हा आपला शब्द. त्याचं 'बिलायती' आणि मग शिपायांच्या तोंडी 'ब्लायटी' झालं, अर्थ मायदेश, घर. 1886 साली छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'बिलायत'ची नोंद आहे, आणि सोडावॉटरला इथले लोक 'बिलायती पानी' म्हणत हेही त्यात दिलं आहे. पहिल्या महायुद्धात तर 'ब्लायटी' म्हणजे अशी जखम, की जीव वाचेल पण घरी पाठवतील. घराला नाव हिंदुस्थानी भाषेतलं, आणि घरी जायची वाट पाहण्यातून येणाऱ्या खुळालाही हिंदुस्थानातलंच.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. पहिल्या महायुद्धात लाखो नवशिके रंगरूट जुन्या शिपायांच्या हाताखाली तयार झाले आणि त्यांच्याकडून ही सगळी बोली शिकले. दुसऱ्या महायुद्धात देवळाली पुन्हा गजबजली: ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे जाणारे तिथून गेले, युद्ध संपल्यावर घरी जाणारे तिथेच थांबले, आणि वाट पाहण्याचं जुनंच नाटक नव्या पिढीने अनुभवलं. शेवटची ब्रिटिश पलटण 28 फेब्रुवारी 1948 ला गेटवे ऑफ इंडियाखालून निघाली. छावणी भारतीय तोफखान्याची झाली. बीबीसीवर 1974 ते 1981 चाललेल्या एका विनोदी मालिकेची सुरुवातीची कथा देवळालीतल्या सैनिकी नाटकमंडळीभोवती रचलेली होती. तिच्या लेखकांपैकी एकाने त्या छावणीत खरोखर दिवस काढले होते. गोऱ्या नटाने रंग फासून भारतीय नोकराची भूमिका केली म्हणून त्या मालिकेवर आज टीका होते, ती योग्यच आहे. पण त्यामुळे इंग्लंडातल्या एका पिढीच्या कानावर देवळालीचं नाव पुन्हा पडलं, हेही खरं. आणि पुण्यात 2009 साली सुरू झालेल्या एका बिअरच्या कारखान्याने 'डूलॅली' हेच नाव घेतलं, पुढे त्यांच्या दुकानांना 'टॅपरूम' म्हटलं गेलं. गळून पडलेला 'टॅप' असा शेजारी येऊन बसला, अर्थात वेगळ्या अर्थाने.

आता तुमच्या वाक्याकडे. आजच्या ब्रिटिश इंग्रजीत 'डूलॅली' हा घरगुती, जरा जुन्या वळणाचा, हलका शब्द आहे. अमेरिकन माणसाच्या तोंडी तो सहसा येत नाही, म्हणून कादंबरीत तो वापरणारं पात्र ब्रिटिश, आयरिश किंवा ऑस्ट्रेलियाकडचं असणार हेही त्यातून कळतं. डॉक्टर तो रुग्णाच्या कागदावर लिहिणार नाही. पण त्याच्या छटा तीन-चार आहेत आणि प्रत्येकीला मराठी वेगळी लागते.

माणूस जरा चक्रमपणा करतोय एवढंच सांगायचं असेल तर 'सरकलाय', 'डोकं ठिकाणावर नाही', 'चक्रम झालाय'. जमाव आनंदाने किंवा रागाने बेफाम झाला असेल तर 'पार वेडे झाले' चालेल, 'बेभान' त्याहून बरं. यंत्राबद्दलही हा शब्द सर्रास वापरतात. फोन भलतंच काहीतरी करू लागला तर तोही 'डूलॅली' होतो. तिथे 'फोन येड्यासारखं करतोय' हेच आपल्या बोलण्यातलं आहे, 'बिघडलाय' म्हटलं तर बंद पडल्यासारखं वाटतं. म्हातारपणामुळे कुणी विसरभोळं, असंबद्ध बोलू लागलं असेल तर मात्र जपून. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयार आहे, पण ती तोंडावर मारल्यासारखी लागते, नातीच्या तोंडी शोभणार नाही. 'म्हातारचळ' हा तर सापळा आहे. भाषांतरकार त्यात 'म्हातारा' आणि 'चळ' दिसले म्हणून हात घालतात, पण म्हातारचळ म्हणजे वयाला न शोभणारे नाद, बहुतेकदा बाईचा. आजोबांवर नसता आळ यायचा! 'डोक्यावर परिणाम झालाय' हे फार जड आहे, त्यातून एखादा अपघात किंवा आजार सूचित होतो. 'वेडे' तर नकोच. मराठीत घरातल्या थोरल्या माणसाला 'वेडे झालेत' म्हटलं की ऐकणारा दचकतो, इंग्रजी शेजारीण दचकलेली नाही.

देवळाली मराठीत आणायची का? हा मोह मोठा आहे, मला दर वेळी होतो. आपल्याच मातीतला शब्द परत आला आहे, मग वाचकाला तो दाखवावासा वाटणारच. पण त्या नातीला देवळाली ठाऊक नाही. तिच्यासाठी हा आजीकडून ऐकलेला एक गमतीदार शब्द आहे, बस. तिच्या तोंडी देवळाली घातली तर मराठी वाचक लगेच नाशिकची गाडी पकडेल आणि आजोबा मागे राहतील. तळटीपही नको. संवादाच्या मध्येच टीप आली की संवाद मरतो. फारच सांगावंसं वाटलं तर पुस्तकाच्या शेवटी भाषांतरकाराच्या मनोगतात चार ओळी लिहा.

उलट पात्र 1905 सालचा गोरा शिपाई असेल, हिंदुस्थानात असेल आणि बराकीत बसून सोबत्याबद्दल बोलत असेल, तर सरळ लिहा: 'त्याला देवळालीचा ताप चढलाय.' तिथे तोच एक अचूक शब्दप्रयोग आहे. मराठीत तो इंग्रजीपेक्षाही स्वच्छ वाचला जातो, कारण इंग्रज वाचकाला न कळणारा 'टॅप' आपल्याला आपोआप कळतो.

देवनागरीत मूळ शब्द देण्याची वेळ आलीच तर 'डूलॅली' लिहा, 'डुलाली' नव्हे. उच्चारात पहिला स्वर दीर्घ आणि मधला 'लॅ' आहे.

तुमच्या जागी मी लिहीन: 'आजोबा हल्ली जरा सरकलेत हो.' यातला 'जरा' आणि 'हो' काढू नका, मूळ शब्दातली माया आणि थट्टा त्या दोघांवर उभी आहे. पुढच्या एखाद्या प्रकरणात आजोबांना स्मृतिभ्रंशाचं निदान होतं का, तेवढं आधी वाचून घ्या. होत असेल तर इथला शब्द आणखी हलका ठेवा, अगदी 'आजोबांचं हल्ली काही खरं नाही' इथपर्यंत, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी खरा शब्द येईल तेव्हा त्याला त्याचं वजन मिळेल.